पालथ्या तव्याचे पाच दिवस

कारंज्यात डोंगर नाही. नावालाही नाही. चहूकडे काळी सपाट जमीन, तिच्यावर सोयाबीन आणि तूर, आणि उंच म्हणून बोट दाखवायचं झालं तर पाण्याची टाकी आणि देवळांची शिखरं. त्यामुळे डोंगर चढायचा सराव करायचा तर कशावर, हा या आषाढातला माझा पहिला प्रश्न होता. एकसष्टाव्या वर्षी बाईमाणसाला असा प्रश्न पडावा, याचं आधी माझं मलाच हसू आलं.

उत्तर घरातच निघालं. आमच्या गच्चीच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत. सकाळी दहा फेऱ्या, संध्याकाळी दहा फेऱ्या, असं ठरवलं. पहिल्या दिवशी तिसऱ्याच फेरीला छातीचा भाता झाला आणि मी वरच्या पायरीवर बसून राहिले. झड लागलेली होती. दोन दिवस सूर्य दिसलेला नव्हता, गच्चीवर शेवाळ धरलं होतं, आणि शेजारच्या गच्चीवर पत्र्याच्या आडोशाला रत्ना कपडे वाळत घालत होती. रत्ना जवळच्या उपकेंद्रात नर्स आहे. तिची ड्युटी कधी संपते आणि कधी सुरू होते हे तिच्या घरच्यांनाही कळत नाही, पण माझ्यावर तिचं बारीक लक्ष असतं.

"काहून वो, काय हरपलं का तुमचं?" तिनं विचारलं. "मघापासून पाहून राह्यली मी, वर-खाली वर-खाली."

"मले नागद्वारले जायचं आहे," मी म्हटलं.

ती आधी हसली. मग मी हसत नाही हे बघून हातातला ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकून कठड्याशी आली. "बी.पी. किती आहे तुमचं, माहीत आहे नं?" एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाताना तिनं माझा हात धरून बी.पी. मोजलं आणि कागदावर लिहून फ्रिजला चिकटवून ठेवलं.

वऱ्हाडात नागद्वार कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सातपुड्यात, पचमढीच्या पलीकडे, सागाच्या आणि सालाच्या रानात नागदेवाची ती गुहा आहे. नागपंचमीच्या आधीच्या दिवसांत इकडून जीपच्या जीप भरून माणसं जातात. पहाटे चालायला लागलं तर अंधार पडता पडता माणूस परत येतो. आधी दरीत उतरायचं, मग चढायचं, पुन्हा उतरायचं. मध्ये कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या, वरून पाऊस, पायाखाली निसरडे दगड. हे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. आमचे हे ओळीनं अकरा वर्षं जात होते. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. पावसाळ्यात तिथलं काम थंडावलं की यांचा पाय घरात ठरत नसे. कामरगावच्या गजाननभाऊंच्या जथ्यात यांची जागा ठरलेली, आणि जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारची खिडकीही.

आणि माझी जागाही ठरलेली होती. घरी.

माझी नोकरी एस.टी.तली. कारंज्याच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत मी तीस वर्षं बसले. कुठली गाडी कुठून सुटेल, कितीला पोचेल, मध्ये कुठे थांबेल, सगळं मला तोंडपाठ. "ताई, अनसिंगले कोनती गाडी जाते?" असं विचारणाऱ्या माणसाकडे मान वर न करता मी उत्तर देत असे. गावोगावच्या पाट्या माझ्या डोक्यात होत्या आणि मी स्वतः वाशीम, अकोला, अमरावती, फार तर माहेरचं पुसद, यापलीकडे गेले नव्हते. त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही. खिडकीच्या आत बसणारं कुणीतरी लागतंच, असं मी मानून चालले होते.

डोंगरावर गेलेल्या माणसाच्या घरी पाच दिवस तवा चढवायचा नाही, असा जथ्याचा नेम होता. नागपंचमीला तवा ठेवत नाहीत हे सगळीकडेच आहे. पण गजाननभाऊंच्या जथ्यात माणूस घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत तो नेम चाले. भाकर नाही, पोळी नाही, धिरडं नाही. तवा घासून, पुसून, पालथा करून भिंतीशी ठेवायचा आणि त्याच्या पाठीवर कुंकवाचं बोट लावायचं. तवा तापला की वरच्या माणसाच्या पायाखालचा दगड तापतो, असं आमच्या गल्लीतल्या बाया सांगायच्या. इतर गावांत असंच आहे की नाही, मला माहीत नाही. आमच्याकडे होतं.

त्या पाच दिवसांची सकाळ वेगळी असायची. गल्लीतून तीन घरची माणसं गेलेली असत आणि तिन्ही घरांतली भाकरी थापायची थापथाप एकदम बंद होई. मग कण्या. ज्वारीच्या कण्या आणि कढी, वरणफळं, खिचडी, पुन्हा कण्या. ओल्या कपड्यांचा कुबट वास, कढीतल्या मेथ्यांचा वास आणि पाऊस. ऑफिसात डबा उघडला की बाकीच्या म्हणायच्या, "झालं का चालू तुमचं?" मी म्हणायची, "झालं बाप्पा." त्यात एक मजाही असायची. मला वाटायचं, डोंगर आम्ही दोघंही चढतोय, हे तिकडे आणि मी इकडे, स्वयंपाकघरात. हे परत आले की दारातच त्यांच्या कपड्यांना रानाचा वास यायचा, कुजलेल्या पानांचा आणि चिखलाचा. मी तवा सुलटा करायची. पहिली भाकर होईपर्यंत हे पाटावर बसून राहायचे, आंघोळही न करता. एवढी चवीनं भाकर खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता सांगते ते एकवीस वर्षांपूर्वीच्या श्रावणाचं. आमची मीनल आठ वर्षांची होती. हे निघाले आणि त्याच संध्याकाळी तिला ताप भरला. डॉक्टरांनी औषध दिलं, ताप उतरे, पुन्हा चढे. मी रजा टाकली. तीन दिवस पोरीच्या पोटात अन्न नव्हतं. कण्यांचा चमचा तोंडाशी नेला की ती भिंतीकडे तोंड फिरवी. चौथ्या दिवशी सकाळी तिला घाम फुटला, अंग गार झालं, आणि ती उठून बसली. केस कपाळाला चिकटलेले, डोळे मोठे दिसायला लागलेले. म्हणाली, "आई, मले गोड धिरडं दे."

मी कण्यांत गूळ घालून दिला. तिनं बघितलंही नाही. भात केला, त्यावर दूध-साखर घातली. नाही. "धिरडं," एवढंच म्हणत ती पुन्हा आडवी व्हायला लागली, आणि मला भीती वाटली की ही आता झोपली तर पुन्हा ताप चढेल. मी फार विचार केला असं खोटं सांगणार नाही. मी तवा सुलटा केला. त्याच्या पाठीवरचं कुंकू पदरानं पुसलं. गुळाच्या पाण्यात कणीक कालवली आणि दोन धिरडी घातली. जिनिंगचा नऊचा भोंगा तेव्हाच झाला, म्हणून वेळ माझ्या लक्षात आहे. तिनं दोन्ही धिरडी खाल्ली, तिसरं मागितलं. मी तेही घातलं. मग तवा घासला, पालथा केला, पुन्हा कुंकवाचं बोट लावलं. दार लावून घेतलेलं होतं, तरी वास गल्लीत गेला असणार. कुणी काही बोललं नाही.

धिरड्यानंतर दोन दिवसांनी जीप आली ती दारापर्यंत आली. नाहीतर हे नेहमी चौकात उतरून चालत यायचे. मागच्या सीटवर पाय लांब करून बसले होते आणि गुडघा फडक्यानं बांधलेला होता. गजाननभाऊंनी आणि दुसऱ्या एकानं खांद्याचा आधार देऊन आत आणलं. शिड्या उतरून झाल्यावर, अगदी सोप्या जागी पाय सरकला म्हणाले. त्या वर्षी गुहेपर्यंत पोचलेच नव्हते.

"कधी?" मी विचारलं.

"परवा सकाळी. नऊ-साडेनऊ झाले असतीन."

मी स्वयंपाकघरात गेले आणि माठातलं पाणी काढता काढता तिथेच उभी राहिले. मी काही भोळीभाबडी बाई नव्हते. नोकरी करत होते, पेपर वाचत होते. तव्यानं कुणाचा पाय सरकत नाही हे मला कळत होतं. कळतं आणि तरी आत काहीतरी बसतं, ते बसलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हे पुन्हा चालायला लागले, सायकलीवर जिनिंगमध्येही जायला लागले. पण डोंगर गेला तो गेलाच. पुढची अठरा वर्षं दर श्रावणात जीप चौकातून जायची आणि हे दारात उभं राहून हात करायचे. मी आत असायची. आज सांगते, उद्या सांगते, असं करत मी त्यांना ते कधीच सांगितलं नाही. मी रिटायर झाले त्याच वर्षी हे गेले. छातीत कळ आली आणि दुपारच्या दुपारी सगळं संपलं. सांगायचं राहिलं.

म्हणून मला जायचं आहे. कुणी विचारलं तर मी "दर्शनाला" म्हणते, पण खरं कारण हे आहे. यांचा पाय जिथे सरकला ती जागा मला बघायची आहे, आणि तिथे उभं राहून जे सांगायचं राहिलं ते एकदा तोंडानं म्हणायचं आहे. हे येडेपणाचं आहे हे मला कळतं. पण रिकाम्या घरात भिंतीला सांगण्यापेक्षा बरं.

घर रिकामं आहे म्हणजे काय, ते तव्यावरूनच कळतं. मीनल हैदराबादला असते, तिची नोकरी तिकडे. एका माणसाच्या दोन पोळ्या. दोन पोळ्यांसाठी कणीक मळायचा कंटाळा येतो. मग सकाळचा भात संध्याकाळी, कधी नुसतं दूध-पोहे. या तीन वर्षांत कित्येक आठवडे असे गेले की तवा गॅसवर चढलाच नाही, आणि त्यानं कुणाचं काही भलं झालं असंही नाही. रेडिओ लावून ठेवते. कधीकधी घड्याळात बघते आणि तोंडात येतं, "अकोला गाडी लागली असेल आता." ऐकायला कोणी नसतं. एकटेपणाची सवय होते असं लोक सांगतात. मला झालेली नाही.

आषाढ लागल्या लागल्या मी कामरगावला गेले होते. गजाननभाऊ आता सत्तरीच्या पुढे आहेत. शेती मुलगा बघतो, पण जथ्याची जीप अजून तेच नेतात. गोठ्याच्या पत्र्याखाली खाटेवर बसले होते, डवरणी-कोळपणी करून आलेले बैल समोर उभे होते. सूनबाईनं चहा आणला. मी सरळच सांगितलं की मला या वर्षी यायचं आहे.

त्यांनी बशीतला चहा संपवला. "वहिनी, पाय चालतीन का तुमचे?"

"चालवते."

"ते होईन. पन घरी कोन हाये? नेम कोन पाळन?"

हा प्रश्न मला आधीच सुचायला हवा होता. अकरा वर्षं मीच त्याचं उत्तर होते. पण मी बुटांचा, मेणकापडाचा, बी.पी.च्या गोळ्यांचा विचार करत गेले आणि याचा केलाच नाही.

"कोनीच नाई," मी म्हटलं.

गजाननभाऊ बैलांकडे बघत राहिले. "आजवर मी असं कोनाले नेलं नाई, वहिनी. वरचा माणूस घरच्याच्या जोरावर चढते." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "पाहू. इचार करतो न् सांगतो."

एस.टी.त खिडकीशी बसून मी परत आले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवंगार सोयाबीन होतं. नवरा गेला तेव्हा लोकांनी सांत्वन केलं, मुलगी नोकरीला हैदराबादला गेली तेव्हा पेढे मागितले. पण तुझ्यासाठी घरी तवा पालथा ठेवणारं कुणी नाही, हे इतकं साफ कुणी सांगितलं नव्हतं.

तरी सराव मी सोडला नाही. गजाननभाऊ नाही म्हणाले नव्हते. पाठीवर यांची जुनी पिशवी, तिच्यात आधी दोन किलो तुरीची डाळ, मग तीन, मग पाच. दहा फेऱ्यांच्या वीस झाल्या. गुडघे दुखले, मग दुखायचे थांबले, मग नव्या जागी दुखायला लागले. बूट घ्यायला बाजारात गेले तर दुकानदारानं विचारलं, "नातवाले पाह्यजेत का काकू? कितवीत हाये?" मी पाय पुढे केला. त्यानं मुकाट्यानं माप घेतलं. साडीखाली पांढरे बूट घालून मी गल्लीतून आले तेव्हा दोन-तीन पडदे हलले, हे मी बघितलं.

रविवारी सकाळी रत्नाला सुट्टी असली की आम्ही दोघी तिच्या स्कुटीवर अडाण धरणावर जायचो. धरणाच्या भिंतीचा चढ हाच इकडचा आमचा हिमालय. भिंतीवरून पाण्याकडे बघत आम्ही चालायचो. रत्ना पुढे, मी मागे. रत्नाच्या घरी नेमधर्म, उपासतापास काही नाही. तिच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हाच हे सगळं घराबाहेर ठेवलं. घरात बुद्धवंदना आणि पुस्तकं. ती माझ्या नागद्वारला हसत नाही, पण गप्पही बसत नाही.

"तव्यानं कोनाचा पाय सरकते का वो?" कामरगावची गोष्ट सांगितल्यावर ती म्हणाली. "शिकल्या-सवरल्या तुमी."

"नाई सरकत," मी म्हटलं. धिरड्याचं मी तिला सांगितलं नव्हतं. तेव्हाच सांगायला हवं होतं, नाही सांगितलं.

थोडं पुढे गेल्यावर ती थांबली. "मी पाळू का मंग? मी मानत नाई, तुमाले माहीत आहे. पन तुमचं जाणं याच्यावर अडून राह्यलं असन तं पाच दिवस भात खाईन मी. सांगा तुमच्या भाऊले."

मला एकदम रडू आलं. पाण्याकडे तोंड करून मी उभी राहिले. तिला दोन लेकरं, बारा-बारा तासांची ड्युटी, सकाळी पोळीचा डबा. "नको," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या पोटावर नेम ठेवू नये, रत्ना." पिशवीतली डाळ काढून तिनं स्वतःच्या पाठीवर घेतली आणि मी परत मागितली तर दिली नाही.

आषाढ सरत आला तरी गजाननभाऊंचा फोन नव्हता. जीप निघायला चार दिवस उरले तेव्हा मीच उठून कामरगावला गेले. या वेळी मनाशी ठरवून गेले होते. नेता की नाही हे नंतर, आधी गजाननभाऊंना एक गोष्ट सांगायची. नेम कोण पाळणार हे मला विचारत होते ना, तर तो मी कसा मोडला तेही त्यांना कळू दे. मग जे होईल ते होईल.

गजाननभाऊ ओसरीवर पेपर घेऊन बसले होते. मी चहा नको म्हटलं आणि उभ्या उभ्याच सांगायला लागले. मीनलचा ताप, गुळाचं पाणी, नऊचा भोंगा, सगळं. एकवीस वर्षं जे तोंडून निघालं नव्हतं ते दोन मिनिटांत संपलं. एवढंसंच होतं ते.

गजाननभाऊंनी पेपरची घडी घातली. "बसा वहिनी," म्हणाले. "हे मले माहीत हाये."

मी बसले.

"तुमच्या मालकाले, दिनकरभाऊलेही माहीत होतं. तुमच्या पोट्टीनंच सांगतलं त्याले. आमी त्याले घरी आनलं न् तुमी पानी आनाले गेल्या, तवाच ते खाटेवर त्याच्याजौळ येऊन बसली न् म्हने, बाबा, मले बरं नव्हतं तं आईनं गोड धिरडं देल्लं. मी जौळच होतो, मीबी ऐकलं."

"मंग? ते काय म्हनाले?"

"हासला. म्हने, किती खाल्ले? पोट्टी म्हने, तीन. तं हा म्हने, वा. मंग दुसऱ्या दिवशी मी पाह्याले आलो तं मले म्हने, गजानन, पोर उपाशी नाई राह्यली, बेस झालं. पन हे कोनाजौळ काढू नको. उद्या हे मोठी होईन, लोकं बोलतीन, न् बापाचा पाय आपल्या धिरड्यापायी गेला असं ते जन्मभर घेऊन बसन. मी शब्द देल्ला त्याले. म्हनून तुमालेबी कधी बोललो नाई."

ओसरीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. मला आधी राग आला, हे खरं सांगते. इतका, की हे होते तेव्हाही यांच्यावर मी कधी अशी रागावले नव्हते. अठरा वर्षं! एका घरात, एका ताटात, आणि दोघांनीही तोंड शिवून घेतलं. मला वाटायचं मी लपवतेय. यांना माहीत होतं, आणि माहीत आहे हे ते लपवत होते. एका शब्दाचा प्रश्न होता. पोरीपासून लपवायचं तर लपवायचं, मला सांगायला काय झालं होतं? दर श्रावणात मी आत तोंड लपवून बसायची आणि हे दारात उभे राहून जीपला हात करायचे. एकदा मागे वळून म्हणायचं होतं, अगं, माहीत आहे मला, ये बाहेर.

मग लक्षात आलं, की मी सांगायची वाट हेही बघत असतील. मी सांगितलं नाही म्हणून त्यांनी विचारलं नाही. राग उतरला तो असा. आणि राग गेल्यावर जे उरलं ते रागापेक्षा जड होतं, कारण आता तिथे डोंगरावर जाऊन सांगण्यासारखंही माझ्याजवळ काही राहिलं नव्हतं.

"आता कायले येता मंग, वहिनी?" गजाननभाऊंनी हळूच विचारलं. त्यांनाही ते कळलं होतं.

मी माझ्या बुटांकडे बघितलं. महिनाभरात त्यांचा पांढरा रंग गेला होता. "माहीत नाई," मी म्हटलं. "पन जावं वाटते. जिथून ते परत आले त्याच्या पुढचं पाहावं वाटते. तुमी नेत असान तं."

"नेतो नं." ते उठले आणि दोरीवरचा गमचा खांद्यावर टाकला. "मी लय इचार केला. भरल्या घरात नेम मोडते, वहिनी. लेकरं असतात, पाव्हणे येतात, कोनी आजारी पडते. तुमच्या घराले कुलूप राहीन. बंद घरावानी नेम कोन पाळते?"

ते चांगल्या मनानं बोलले. माझी अडचण सोडवल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं. मी मान हलवली आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. बंद घर सगळ्यात चांगला नेम पाळतं, हे खरंच आहे. फक्त परत आल्यावर त्या घरात भाकर टाकणारंही कुणी नसतं.

उद्या सकाळी जीप येणार आहे. पिशवी भरून झाली. फुटाणे, गूळ, मेणकापड, गोळ्या, जाड मोजे. रत्ना दुपारी येऊन बी.पी. बघून गेली, आणि जाताना घराची किल्ली तुळशीजवळ ठेवू नका, माझ्याजवळ द्या, असं दटावून गेली. संध्याकाळी पाऊस थांबला होता. मी ओट्यावर बसून मोज्यांच्या घड्या घालत होते तेव्हा मीनलचा फोन आला.

आधी ती रागावली. या वयात, एवढ्या पावसात, जंगलात, फोन तरी लागतो का तिथे. मग निवळली. जेवलीस का, काय जेवलीस, अशा गप्पा झाल्या. तिकडे गाड्यांचा आवाज येत होता, ऑफिसातून घरी चालत असावी.

"आई," ती मध्येच म्हणाली, "बाबांचं जाणं ज्या वर्षी बंद झालं ना, त्या वर्षीचं मला नीट काही आठवतच नाही. खूप ताप होता एवढं आठवतं. आणि तू मला काहीतरी गोड करून दिलं होतंस, गरम गरम. काय होतं गं ते?"

मी मोजे खाली ठेवले. समोरच्या घरात कुणीतरी दिवा लावत होतं.

"काही नाही दिलं बाई," मी म्हटलं. "तू तर पाचही दिवस पाण्याशिवाय तोंडात काही घेतलं नव्हतंस."